डोरथी कुणाचं देणं लागत नाही

शाळेच्या व्हरांड्यातून एक पेंग्विन चालला आहे. खरा नव्हे, पेंग्विनचा पोशाख घातलेलं एक लहान मूल. चोच, पंख, पांढरं पोट आणि चाल अर्थातच डुलत डुलत. ते एका दारात थबकतं, इथे आपलं काम नाही हे त्याला कळतं, मग ते पुढच्या दाराकडे वळतं. कुणी शिक्षक त्याला हटकतात, दुसऱ्याच दिशेला पिटाळतात. थोड्या वेळानं ते पुन्हा दिसतं, अजून शोधतंच आहे. कुठे नाटकाची तालीम असेल, कुठल्या वर्गाची गंमत असेल. दिग्दर्शक सांगत नाही, आणि विचारावं असं सिनेमातल्या कुणाला वाटतही नाही. बिल फोरसाइथच्या ‘ग्रेगरीज गर्ल’ या 1981 सालच्या स्कॉटिश सिनेमात या पेंग्विनचा कथेशी सुतराम संबंध नाही. तरीही सिनेमा आठवायला लागलं की आधी तोच आठवतो, आणि मग हळूहळू लक्षात येतं की या सिनेमातलं जवळजवळ प्रत्येक माणूस भलत्याच दारावर उभं आहे. गोलकीपर व्हायच्या लायकीचा मुलगा फॉरवर्ड खेळतो आहे. ज्याला फुटबॉल शिकवायचा आहे तो मास्तर मिशी वाढवण्यात गुंतला आहे. शाळेतला उत्तम बेकरीवाला हा एक विद्यार्थी आहे. आणि सोळा वर्षांचा, ताडमाड वाढलेला, स्वतःच्या हातापायांचा अजून हिशेब न लागलेला ग्रेगरी अंडरवूड डोरथी नावाच्या अशा एका मुलीच्या प्रेमात पडला आहे, जिला त्याच्यात काडीचाही रस नाही.

पौगंडावस्थेतलं एकतर्फी वेड हा सिनेमावाल्यांचा लाडका विषय. त्यात विनोद फुकटात मिळतो आणि करुणा अर्ध्या किमतीत. पण बहुतेक सिनेमे या वेडाकडे खतावणीच्या नजरेनं बघतात. मुलानं किती झुरायचं, किती वेळा तिच्या घरावरून सायकल न्यायची, किती अपमान गिळायचे, हे सगळं एका बाजूला जमा होत जातं. आणि शेवटी ही सगळी रक्कम मुलीच्या नावावर देणं म्हणून निघते. ती हो म्हणाली तर देणं फिटलं, नाही म्हणाली तर ती निर्दय. आपल्याकडच्या हिंदी सिनेमानं तर हे व्याकरणच करून ठेवलं: नायकानं पाठलाग करायचा, नायिकेनं आधी चिडायचं आणि मध्यंतराच्या आसपास विरघळायचं. चिकाटी हा प्रेमाचा पुरावा, आणि पुरावा सादर झाला की निकाल ठरलेला. ‘ग्रेगरीज गर्ल’ हा वरवर अगदी हलकाफुलका, जवळजवळ घटनाशून्य सिनेमा. पण त्यानं शांतपणे केलेली गोष्ट मला त्या काळातल्या पुष्कळ गंभीर सिनेमांपेक्षा धीट वाटते. त्यानं ही खतावणीच बंद केली. एखाद्याचं वेड ही त्याची स्वतःची मालमत्ता आहे, त्यातून दुसऱ्यावर कसलंही देणं निर्माण होत नाही, असं हा सिनेमा मानतो. हे तो संवादातून सांगत नाही. कथेच्या रचनेतून, कॅमेऱ्याच्या अंतरातून आणि पात्रांच्या वेळापत्रकातून सांगतो.

सिनेमा कसा झाला हेही थोडं सांगायला हवं, कारण त्याचा स्वभाव त्याच्या गरिबीतून आला आहे. फोरसाइथनं ही पटकथा आधी लिहिली होती, पण पैसे मिळेनात. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनंही नकार दिला. मग त्यानं ग्लासगोच्या युथ थिएटरमधली पोरं गोळा करून ‘दॅट सिंकिंग फीलिंग’ हा सिनेमा अक्षरशः चिल्लरीत बनवला. त्यात बेकार मुलं स्टेनलेस स्टीलची सिंकं चोरतात. तो लोकांना आवडला, मग ‘ग्रेगरी’साठी सुमारे दोन लाख पौंड उभे राहिले. हॉलिवूडच्या हिशेबात तेव्हाही ही रक्कम म्हणजे चहापाणी. जॉन गॉर्डन सिंक्लेअर हा इलेक्ट्रिशियनचं काम शिकत असलेला मुलगा ग्रेगरी झाला. शाळेतली दुसरी एक मुलगी, सुझन, हिची भूमिका करणारी क्लेअर ग्रोगन ग्लासगोच्या एका रेस्तराँमध्ये वाढपी होती. डी हेपबर्न डोरथी झाली आणि चेंडू खराखुरा मारता यावा म्हणून पार्टिक थिसल या क्लबात जाऊन सराव करून आली. अमेरिकेत सिनेमा दाखवताना स्कॉटिश बोली तिकडच्या कानांना झेपणार नाही म्हणून संवाद सौम्य उच्चारांत पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागले. पुढे बाफ्टाचं पटकथेचं पारितोषिक या सिनेमानं ‘चॅरियट्स ऑफ फायर’च्या नाकावर टिच्चून घेतलं. एवढा इतिहास पुरे. मुद्दा असा की या सिनेमाजवळ तारे नव्हते आणि देखावे नव्हते. माणसांकडे नीट बघण्याखेरीज त्याला दुसरा उद्योगच नव्हता.

आता डोरथी. शाळेचा फुटबॉल संघ हरण्यात तरबेज झाला आहे. पी.टी.चे मास्तर फिल मेन्झीज नव्या खेळाडूंची चाचणी ठेवतात आणि तिथे एक मुलगी येऊन उभी राहते. मास्तर आधी दुर्लक्ष करतात, मग कुरकुरतात, मग ती सगळ्या मुलांना मागे टाकते तेव्हा त्यांचा नाइलाज होतो. ती संघात येते. ग्रेगरीची फॉरवर्डची जागा जाते आणि तो गोलपोस्टखाली जाऊन उभा राहतो. तिथून तिचा खेळ छान दिसतो, एवढीच त्याची प्रतिक्रिया. आपली जागा घेणाऱ्या मुलीवर तो भाळतो, यात विनोद आहे, पण एक सूक्ष्म नोंदही आहे. ग्रेगरीला जिनं वेड लावलं ती सुंदर मुलगी नुसती सुंदर म्हणून उभी नाही. ती धावते, घामेजते, चेंडू अडवते, पायावरच्या जखमा दाखवते. आणि तिचं स्वतःचं वेड आहे, फुटबॉलचं. म्हणजे चुकीच्या जागी जीव जडलेला ग्रेगरी आणि योग्य जागी जीव जडलेली डोरथी, असे दोन वेडे एकाच मैदानावर आहेत. फक्त एकाच्या वेडाला सरावाचं वेळापत्रक आहे.

त्या काळात स्कॉटलंडमध्ये मुलीनं फुटबॉल खेळणं म्हणजे काय होतं, हे ध्यानात घेतलं की डोरथीची ही एकाग्रता अधिक धारदार दिसते. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं 1921 साली बायकांच्या सामन्यांना आपल्या मैदानांची दारं बंद केली होती, ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. 1971 साली युरोपातल्या संघटनांनी महिला फुटबॉल आपल्या पंखाखाली घ्यावं असा ठराव आला, तेव्हा विरोधात मत देणारा देश एकच होता, स्कॉटलंड. तिथल्या संघटनेला अधिकृत मान्यता द्यायला 1974 उजाडलं. एअरशरच्या रोझ रायलीला खेळण्यासाठी परदेशी जावं लागलं. ती मिलानकडून खेळली आणि पुढे थेट इटलीच्याच राष्ट्रीय संघात गेली. सिनेमाचं चित्रीकरण 1980 सालच्या उन्हाळ्यातलं. म्हणजे मेन्झीज मास्तरांची कुरकुर हा एका वेंधळ्या माणसाचा स्वभाव नाही. सहा वर्षांपूर्वीपर्यंतचा तो अधिकृत सूर आहे. फोरसाइथ हे काहीच सांगत नाही. तो फक्त डोरथीला घाई देतो. ती सदैव कुठून तरी कुठे तरी निघालेली असते, तिच्याकडे वेळ नसतो. जिला मैदानावर उभं राहायलाच इतकी वर्षं लागली, तिनं गोलपोस्टखाली उभ्या असलेल्या मुलाच्या डोळ्यांतले भाव वाचत थांबावं, ही अपेक्षाच मग हास्यास्पद वाटू लागते. आणि सिनेमा हसतो तो नेमका याच अपेक्षेला.

दोघांच्या ‘एकांता’चा प्रसंग पाहा. डोरथी ग्रेगरीला विचारते, मधल्या सुट्टीत येशील का? त्याच्या अंगावर मूठभर मांस चढतं. तो येतो. तिला सरावासाठी गोलकीपर हवा असतो. ती एकामागून एक चेंडू मारते आणि हा मातीत लोळत राहतो. रूढ सिनेमात इथे कॅमेरा मुलाच्या मनात शिरला असता: केस उडताहेत, गती मंद झाली आहे, मागे व्हायोलिन. फोरसाइथचा कॅमेरा दोघांपासून सारख्याच अंतरावर उभा राहतो. आपल्याला डोरथी ग्रेगरीच्या नजरेतून दिसत नाही. ग्रेगरी तिच्याकडे बघतो आहे, हे दिसतं. हा फरक लहान वाटतो, पण सगळा सिनेमा त्यावर तोललेला आहे. ग्रेगरीच्या वेडाला आपण हसतो, त्याची कीवही येते, पण एक क्षणही आपल्याला असं वाटत नाही की या मुलीनं आता तरी विरघळायला हवं. प्रेक्षकाला पक्षकार होऊ न देणं ही दिग्दर्शनातली अवघड गोष्ट आहे. प्रेक्षक भावनेचा भुकेला असतो आणि नायकाच्या बाजूनं निकाल मागायला तो तयार होऊनच बसलेला असतो.

शेवटी ग्रेगरी धीर एकवटून तिला बाहेर भेटायला बोलावतो आणि ती चक्क हो म्हणते. मित्राचं पांढरं जाकीट अंगात चढवून तो गावातल्या घड्याळाखाली जाऊन उभा राहतो. डोरथी येत नाही. कॅरल नावाची मैत्रीण येते, डोरथीला जमणार नाही म्हणते, आणि चल, माझ्याबरोबर थोडं फिर म्हणते. काही वेळानं कॅरल त्याला मार्गोच्या हवाली करते. मार्गोकडून तो सुझनकडे पोचतो. सुझनला तो पहिल्यापासून आवडत असतो. ही सगळी योजना मुलींनी आपापसांत ठरवलेली. ग्रेगरीला काय चाललंय ते कळायला बराच वेळ लागतो, आणि कळतं तेव्हा तो रागावत नाही. मुली असंच करतात, एकमेकींना मदत करतात, हे सुझन त्याला इतक्या सहज सांगते की रागवायला जागाच राहत नाही. मग दोघं बागेत जातात, झाडाखाली गवतावर आडवे पडतात आणि आडवे पडूनच नाचतात, फक्त हातांनी. पृथ्वी वेगानं फिरते आहे, आपण तिला चिकटलो आहोत, हात हलवत राहा नाहीतर पडशील, असलं काहीबाही तो सांगत असतो. स्कॉटलंडच्या उन्हाळ्यात संध्याकाळ संपता संपत नाही. त्या लांबलेल्या उजेडात हा मूर्खपणा इतका सुंदर दिसतो की पुष्कळांना सिनेमा एवढाच लक्षात राहतो.

इथेच पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. सुझन ही उत्तेजनार्थ बक्षीस नव्हे का? पहिला क्रमांक हुकला, म्हणून मुलाच्या हातात दुसरी मुलगी ठेवली. शिवाय ग्रेगरीच्या मनाचं काय? त्याला न विचारता, हातोहात, एकीकडून दुसरीकडे पोचवलं. मुलीच्या बाबतीत असं झालं असतं तर आपण हसलो असतो का? मला वाटतं, या प्रश्नाचा दुसरा भाग पहिल्याचं उत्तर देतो. बक्षीस इथे कुणी असेल तर तो ग्रेगरी आहे. निवड सुझननं केली आहे. त्याला हेरलं तिनं, आखणी तिची, मैत्रिणींची फळी तिची. ग्रेगरी त्या संध्याकाळभर जो अनुभव घेतो, तो इतर सगळ्या सिनेमांत मुली घेत आल्या आहेत: दुसऱ्या कुणाच्या तरी कथेत आपण मुक्कामाचं ठिकाण आहोत हे उशिरा कळणं. फोरसाइथनं बाजू उलटवली आणि उलटवताना त्यातली इजा काढून टाकली. कारण वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर ग्रेगरीला घरी निघून जाता येतं. दार कुठेच बंद नाही. तो थांबतो, कारण त्याला मजा येते आहे. आणि खरं सांगायचं तर डोरथीबरोबर तो जसा अवघडलेला असतो तसा सुझनबरोबर नसतो. तो बडबडतो, आकडे फेकतो, वेडेपणा करतो. ज्या माणसाजवळ आपल्याला शहाणं दिसायची धडपड करावी लागत नाही, तिथे आपण बहुधा योग्य दारावर असतो. अर्थात एका संध्याकाळीत हे प्रेम झालं असा दावा सिनेमा करत नाही, मीही करत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा. सिनेमाची सुरुवातच होते ती पोरांनी झुडपाआडून एका नर्सला कपडे बदलताना चोरून बघण्यानं. पुढे शाळेच्या मुताऱ्यांत एक पोरगा डोरथीचे फोटो विकतो. ज्या सिनेमात मुलीवर कुणाचा हक्क नाही असं म्हणता, त्याच सिनेमात हे? हे आज बघताना अस्वस्थ व्हायला होतं आणि व्हायलाच हवं. ‘तो काळ वेगळा होता’ या पळवाटेनं मला हा प्रसंग सोडवायचा नाही. पण त्याच सुमाराच्या ‘पोर्कीज’ या अमेरिकी सिनेमात मुलींच्या न्हाणीघराच्या भिंतीतलं भोक हाच करमणुकीचा कळस आहे, आणि 1984 च्या ‘सिक्स्टीन कँडल्स’मध्ये एक मुलगा दारूनं शुद्ध हरपलेली मैत्रीण दुसऱ्याच्या ताब्यात देतो आणि हे प्रेक्षकाला गोड वाटावं अशी अपेक्षा असते. फोरसाइथकडे चोरून बघणारी पोरं प्रेक्षकाची प्रतिनिधी नाहीत. तिथे त्यांच्याहून लहान दोन पोरं आहेत आणि त्यांना या मोठ्या मुलांच्या खुळेपणाचं काहीच कौतुक नाही. सिनेमा जिथून सुरू होतो आणि जिथे पोचतो त्यांत जे अंतर आहे, तोच त्याचा प्रवास. झुडपाआडून लपून बघणारा मुलगा शेवटी उघड्यावर, गवतावर, कुणीतरी आपल्याकडे बघत असताना नाचतो आहे. हे उत्तर पुरतं का? बरंचसं, सगळं नाही. नर्सला आपल्याकडे कोण बघत होतं हे सिनेमात कधीच कळत नाही, आणि ती बाजू फोरसाइथनं लिहिलेली नाही.

आडवळण घेऊन थोडं मोठ्यांविषयी, कारण या सिनेमातली मोठी माणसं फार गमतीशीर आहेत आणि त्यांना ओलांडून जाणं जिवावर येतं. मुख्याध्यापक एकटेच पियानो वाजवत बसतात, दारातून डोकावणाऱ्या पोरांना हाकलतात आणि पुन्हा वाजवतात. त्यांची स्वतःची गोड खाण्याची सोय विद्यार्थी-बेकरीवाल्याकडून होते. ग्रेगरीच्या वडिलांची आणि त्याची भेट रस्त्यात होते: ते मोटार चालवायला शिकवतात, त्यांच्या शिकाऊ गाडीखाली मुलगा येता येता वाचतो, आणि मग एकदा आईबरोबर नाश्त्याला ये असं आमंत्रण दिलं जातं. घरातलं सगळ्यात पोक्त माणूस म्हणजे दहा वर्षांची मॅडलिन, ग्रेगरीची बहीण. कपडे कसे घालावेत, मुलींशी कसं बोलावं, स्वप्नात कोण येतं त्याला महत्त्व द्यावं, असले सल्ले ती त्याला देते, आणि तो ते शिष्याच्या नम्रतेनं ऐकतो. तिला न्यायला तिच्याच वयाचा एक अत्यंत सभ्य मुलगा घरी येतो, तेव्हा ग्रेगरी हतबुद्ध होतो. वय वाढलं की अक्कल येते या समजुतीची इथे पूर्ण फजिती आहे. वडीलधाऱ्यांनी मुलांना सोडून दिलं आहे, पण टाकून दिलेलं नाही. त्या सोडण्यातून जी मोकळीक मिळते तिच्यातच हे वेड फुलतं आणि कुणालाही न चिरडता ओसरतं.

आणि तिसरा आक्षेप नेमका या मोकळिकीवरच येतो. सिनेमा जिथे घडतो ते कंबरनॉल्ड हे गाव 1955 साली नवं शहर म्हणून जाहीर झालेलं, ग्लासगोतल्या दाटीवाटीच्या वस्त्यांमधून माणसं आणून वसवलेलं. मोटारींचे रस्ते वेगळे, माणसांच्या वाटा वेगळ्या. पादचारी पूल, भुयारी रस्ते, मध्ये हिरवळ. त्याचं अवाढव्य काँक्रीटचं शहरकेंद्र आधी वास्तुकारांनी नावाजलं आणि पुढे ब्रिटनभर टिंगलीचा विषय झालं. पण सोळा वर्षांच्या मुलांना अशा गावाचा एक फायदा असतो: तिथे अजून कुणाच्या आजोबांचं काही नाही. कुणाची मुलगी कुठल्या गल्लीतली, हे विचारणारा पार नाही. चुकीच्या जागी जीव जडला तर फार तर एक संध्याकाळ वाया जाते. मग हा सिनेमा एवढा प्रसन्न आहे तो शहाणपणामुळे, की निव्वळ सुरक्षित असल्यामुळे? वेड ही खाजगी मालमत्ता आहे, हे म्हणायला ज्याच्याकडे मालमत्ता आहे तोच धजावतो, असं कुणी म्हटलं तर?

मराठी प्रेक्षकाला हा प्रश्न टाळता येत नाही, कारण त्याच्यासमोर नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ आहे. जब्याचं शालूवरचं वेडही चुकीच्या जागीच जडलेलं आहे. तोही पत्रं लिहितो, नव्या कपड्यांची स्वप्नं बघतो, काळ्या चिमणीच्या राखेनं शालू वश होईल म्हणून गलोल घेऊन रानोमाळ भटकतो. पण तिथे पत्ता चुकीचा आहे हे जब्या ठरवत नाही, शालूही ठरवत नाही; ते आधीच गावानं, जातीनं ठरवून ठेवलेलं आहे. कंबरनॉल्डमध्ये मुलाची फजिती मुलींच्या हसण्यावर थांबते, ‘फँड्री’त ती अख्ख्या शाळेसमोर, डुकरं धरताना होते आणि शेवटी जब्यानं भिरकावलेल्या दगडावर संपते. त्या दोन सिनेमांना एका वाक्यात बसवणंही संकोचाचं वाटतं. तरीही बारकाईनं पाहिलं तर एक गोष्ट दोघांत सारखी आहे. मंजुळेही जब्याच्या दुःखाचं बिल शालूच्या नावे फाडत नाहीत. ती त्याच्याशी क्वचितच काही बोलते, त्याच्या झुरण्याविषयी तिला कितपत कल्पना आहे हेही आपल्याला कळत नाही, आणि दगड तिच्या दिशेनं जात नाही. म्हणजे सुरक्षित गावात असो की हिंस्र गावात, मुलगी मुलाच्या वेडाची देणेकरी नाही, हे तत्त्व टिकतं. फरक एवढाच की एके ठिकाणी वेड्याला कुणी मारत नाही. ‘ग्रेगरीज गर्ल’ची प्रसन्नता म्हणूनच मला खोटी वाटत नाही, पण ती सार्वत्रिकही वाटत नाही. जिथे चुकायची किंमत कमी असते तिथे माणसं किती सुंदर चुकू शकतात, याचा तो एक दाखला आहे. मिलिंद बोकीलांच्या कादंबरीवरून सुजय डहाकेंनी केलेला ‘शाळा’ या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. आणीबाणीच्या सावलीतला जोशी, त्याची शिरोडकर, आणि तिचं गाव सोडून जाणं. तिथे हिंसा नाही, पण आसपासची माणसं सतत बघत असतात. कंबरनॉल्डमध्ये कुणी बघत नाही, ही त्या गावाची श्रीमंती.

गावाला ती श्रीमंती कळत नाही हेही सिनेमा सांगतो. ग्रेगरीचे दोन मित्र, अँडी आणि जवळजवळ संपूर्ण सिनेमाभर तोंड न उघडणारा चार्ली, कराकसला जायला निघतात. तिथे पुरुषामागे आठ बायका आहेत असं त्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. हमरस्त्यावर ते मोटारींना थांबवण्यासाठी पाटी धरून उभे राहतात, आणि पाटीवर कराकसचं स्पेलिंग चुकलेलं असतं. कुणी एक मुलगी आपल्याला नको म्हणेल या भीतीवर त्यांनी शोधलेला हा उपाय: जिथे आकडेवारीच आपल्या बाजूनं असेल अशा शहरात निघून जायचं. एकतर्फी वेडाला हक्काचं रूप द्यायचा हा त्यांचा प्रयत्न जितका बावळट आहे तितकाच ओळखीचाही. त्यांना घेऊन जायला कुणी गाडी थांबवत नाही. थांबवली असती तर तो दुसराच सिनेमा झाला असता, बहुधा वाईट.

दुसरा सिनेमा खरोखरच झाला, मात्र निराळ्या वाटेनं. 1999 साली फोरसाइथनं ‘ग्रेगरीज टू गर्ल्स’ काढला. ग्रेगरी आता तिशीच्या पुढे गेलेला, त्याच शाळेत इंग्रजीचा शिक्षक. तोच वेंधळेपणा, तोच अभिनेता, आणि पुन्हा चुकीच्या जागी जडलेलं वेड. फक्त या वेळी ते एका विद्यार्थिनीविषयी. बरोबरीची एक शिक्षिका त्याच्यात रस दाखवते आणि हा स्वप्नं मात्र वर्गातल्या मुलीची बघतो. सिनेमा लोकांना रुचला नाही. पहिल्याच्या आठवणीला धक्का लागला अशी तक्रार झाली, आणि ती तक्रार मला नेहमी अर्धवट वाटत आली आहे. कारण पहिल्या सिनेमाच्या भूमिकेची खरी कसोटी दुसऱ्यात आहे. वेड ही ज्याची त्याची मालमत्ता, हे वाक्य कुठपर्यंत खरं? सोळा वर्षांचा मुलगा गोलपोस्टखालून बघतो तोपर्यंत खरं, कारण त्याच्या हातात काहीही नाही. गुण नाहीत, पगार नाही, फळ्यासमोरची जागा नाही. तोच मुलगा हातात हजेरीपट घेऊन तसंच बघू लागला की त्या बघण्याचं वजन बदलतं. मनातलं मनात ठेवलं तरी बदलतं. निरागसता ही भावनेत नसून दोन माणसांच्या उंचीत असते, हे फोरसाइथला कळलेलं दिसतं. त्यानं त्याच्या लाडक्या ग्रेगरीला त्या अवघड जागी नेऊन उभं केलं. त्यातून नीट सिनेमा त्याला काढता आला नाही, हे खरं. हेरगिरीसारखं एक कथानक त्यात घुसलं आणि प्रश्न बाजूला पडला.

राहता राहिली डोरथी. त्या संध्याकाळच्या कटात ती कितपत सामील होती, हे पहिला सिनेमा स्पष्ट करत नाही. ग्रेगरीला हो म्हणताना तिला जायचंच नव्हतं, की सुझनचं मन ठाऊक असल्यानं तिनं वाट मोकळी करून दिली, की खरोखर तिला ऐन वेळी फुटबॉलचं काम निघालं? पहिली शक्यता खरी असेल तर ती थोडी कठोर आहे, दुसरी खरी असेल तर ती उदार आहे, आणि तिसरी खरी असेल तर ती फक्त कामात आहे. प्रेक्षक आपापल्या स्वभावाप्रमाणे यांतली एक निवडतात, आणि बहुतेकांना दुसरी आवडते, कारण मुलगी उदार असली की बरं वाटतं. मला तिसरीचा मोह पडतो. पण पटकथेत त्याला आधार आहे असं छातीठोकपणे सांगता येणार नाही.